राज्यव्यवहारकोश

प्रथम एक लहानशी गोष्ट सांगतों. मी एका शाळेंत शिक्षक असतांना वरिष्ठ कचेरीकडून विचारणा आली, "विद्यार्थी किती ?" एका कारकुनानें पटावरील संख्या लिहिली, दुसऱ्यानें महिन्याची सरासरी हजेरी. दोन्ही आंकडे खरे होते, आणि दोन्ही कागद परत आले. वाद आंकड्यांचा नव्हता. 'विद्यार्थी' या शब्दाचा होता. एका शाळेंत इतका घोळ, तर शेंकडों किल्ले, ठाणीं नि कारखाने असलेल्या राज्यांत किती होत असेल ?

शिवाजीमहाराजांच्या हातीं जो मुलूख आला, तो निजामशाही, आदिलशाही नि मोंगलाई अशा निरनिराळ्या अमलांखालून आला होता. कारकून मराठे, दफ्तराची परिभाषा फारसी, आणि मापें ठिकठिकाणीं वेगळीं. बिघा म्हणजे किती जमीन, हें काठीवर अवलंबून; आणि काठी ज्याच्या हातांत, त्याच्या मर्जीवर रयतेचें पोट !

अण्णाजी दत्तोंच्या नांवाशीं निगडित असलेल्या जमीनमोजणीचा तपशील सभासदाच्या बखरींत आला आहे. काठी पांच हात नि पांच मुठींची ठरली. पण हात तरी कोणाचा ? तेंही सांगितलें आहे : हात चौदा तसूंचा, आणि सबंध काठी ब्याऐंशी तसूंची. म्हणजे पांच हातांचे सत्तर तसू झाले, नि पांच मुठींना बारा उरले. अशा वीस काठ्या लांब नि वीस रुंद तो बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. मग बिघ्यामागें पिकाचा आकार करावयाचा, त्याचे पांच वांटे पाडावयाचे, तीन रयतेस नि दोन सरकारांत. 'पांचांत दोन' हे शब्द ऐकावयास किती सोपे वाटतात ! परंतु खालीं तसूपर्यंत व्याख्या पोहोंचली नसती, तर वरचा न्याय कागदावरच राहिला असता. बखरकाराला या हिशेबाचें महत्त्व वाटलें, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें. आपल्याकडे लढायांपलीकडे लिहिणारे थोडे.

दिनांक 6 जून 1674 रोजीं राज्याभिषेक झाला. पेशव्यांस मुख्य प्रधान, मुजुमदारांस अमात्य, सुरनिसांस सचिव, वाकनिसांस मंत्री, डबिरांस सुमंत नि सरनोबतांस सेनापति अशीं पदें मिळालीं. कोणीं काय पाहावयाचें, हेंही लिहून ठेवण्यांत आलें : जमाखर्च अमात्यानें, राजपत्रांची शुद्धता सचिवानें. नांव आणि काम यांची अशी गांठ घातल्यावर पुढची पायरी ओघानेंच आली. राज्यव्यवहारांतील यच्चयावत् शब्द एकत्र करून त्यांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. हें काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे होतें असें सामान्यतः मानितात. धुंडिराज व्यास या पंडिताचें नांवही या ग्रंथाशीं जोडलेलें आहे. शब्द सुमारें 1380.

या कोशाविषयीं बोलतांना 'भाषाशुद्धि' एवढाच शब्द बहुधा ऐकूं येतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं मराठी पत्रांतील शब्द मोजून दाखविलें कीं, 1628 च्या पत्रांत मराठी शब्द शेंकडा 14.4 होते, ते 1728 मध्यें 93.7 झाले. आंकडे बोलके खरे. पण निवडक पत्रांवरून सबंध शतकाचा निकाल लावावयास माझें मन कचरतें.

मला या ग्रंथांत अधिक मोलाची वाटते ती त्याची मांडणी. हा कोश अमरकोशासारखा श्लोकबद्ध आहे, आणि त्याच्याचप्रमाणें वर्गांत विभागलेला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग नि पण्यवर्ग असे ते दहा वर्ग. नुसतीं नांवें ऐकतांनाच सिंहासनापासून बाजारपेठेपर्यंत सारें राज्य डोळ्यांपुढून सरकत जातें. अकारविल्हे कोशांत शब्दाला शेजारी असतो तो केवळ अक्षराचा; येथें शेजारी असतो तो कामाचा. किल्ल्यासंबंधींचा शब्द शोधूं जावें, तों त्याच्या सोबतीचे शब्दही हातीं लागतात, आणि ही वस्तु कोणत्या खात्याची हें वेगळें विचारावें लागत नाहीं.

सगळे शब्द रुजले मात्र नाहींत. पुढें पेशवाईच्या दफ्तरांत फडणीस राहिले, तालेबंद राहिले, रोजकीर्द राहिली. हिशेबनिसाची जीभ वळविणें हें किल्ला घेण्याहून कठीण असावें. संवयीच्या शब्दावर त्याची रोजची भाकरी असते, आणि चूक झाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

सर्वांत मौजेची गोष्ट खुद्द पहिल्या पदाची. बाळाजी विश्वनाथांस 1713 मध्यें शाहूमहाराजांनीं तें पद दिलें. त्यांचे चिरंजीव बाजीराव यांच्या मुद्रेवर 'मुख्य प्रधान' हींच अक्षरें कोरलेलीं आहेत. पण पुण्याच्या रस्त्यांत, छावणींत नि शत्रूच्या दरबारांत त्यांना सारे पेशवेच म्हणत राहिले.