ऑजाइट
पायरोक्सीन गटातील सर्वांत जास्त आढळणारे खनिज. रंग काळा, गडद हिरवा किंवा तपकिरी. कठिनता ५.५–६. वि. गु. ३.२–३.६. स्फटिक एकनताक्ष, आखूड व जाडसर. आडवा छेद बहुधा अष्टकोनी. ‘लकाकी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून व्हेर्नर यांनी १७९२ मध्ये हे नाव दिले. प्रत्यक्षात बहुतेक नमुने निस्तेजच असतात. गटाचे नावही तितकेच फसवे. लाव्हारसात हे स्फटिक बाहेरून येऊन अडकले, अशा समजुतीने आऊई यांनी १७९६ मध्ये त्यांना ‘अग्नीला परके’ ठरवले. खरे तर ते त्या रसातूनच घडतात.

संरचनेचा कणा म्हणजे सिलिका चतुष्फलकांची एकेरी साखळी. प्रत्येक चतुष्फलक आपले दोन ऑक्सिजन अणू शेजाऱ्यांशी वाटून घेतो, म्हणून सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे प्रमाण १:३ पडते. वॉरन व ब्रॅग यांनी १९२८ मध्ये क्ष-किरणांनी डायोप्साइडची संरचना उलगडली. ऑजाइट त्याच साच्याचे आहे. साखळ्यांना धातूंचे आयन जोडून ठेवतात, पण हे बंध साखळीतल्या बंधांपेक्षा दुबळे. घाव बसला की खनिज साखळ्या न तोडता त्यांना वळसा घालून फुटते आणि जवळजवळ काटकोनात, ८७° व ९३° चे, पाटन मिळते. दिसायला तसेच काळे हॉर्नब्लेंड दुहेरी साखळीचे, त्याचे कोन ५६° व १२४°. हातात भिंग असले की एवढी खूण पुरते.

ऑजाइटला एकच ठाम सूत्र नाही. साखळ्यांमध्ये दोन प्रकारच्या जागा असतात : मोठ्या जागेत मुख्यतः कॅल्शियम, थोडे सोडियम, लहान जागेत मॅग्नेशियम, लोह, ॲल्युमिनियम, टिटॅनियम. सिलिकॉनच्या जागीही ॲल्युमिनियम शिरते, मात्र त्याने कमी झालेला विद्युत् भार दुसरीकडे भरून निघावा लागतो. शिलारस सावकाश निवाला, तर हे मिश्रण टिकत नाही आणि कमी कॅल्शियमाचे पायरोक्सीन बारीक पटलांच्या रूपात वेगळे होते.

अजिंठा-वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली आहेत, त्याचे प्लॅजिओक्लेज व ऑजाइट हे मुख्य घटक. अशा खडकाच्या पातळ छेदात प्लॅजिओक्लेजाच्या काड्या ऑजाइटच्या मोठ्या कणात रुतलेल्या पुष्कळदा दिसतात. झिजताना ऑजाइटची मृदा-खनिजे होतात आणि लोह गंजून सुटते. दख्खनच्या काळ्या जमिनीत त्याचा वाटा आहे.