धातुशोधक यंत्रे : खोलीची तुलना आणि राखीव यंत्राची निवड

जमिनीत, वाळूत किंवा पाण्याखाली दडलेली धातूची वस्तू विद्युत्‌चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने हुडकणारे उपकरण म्हणजे धातुशोधक. बोलताना सगळे मेटल डिटेक्टरच म्हणतात. विमानतळावरची चौकट, बॉम्बशोधक पथकाच्या हातातले यंत्र आणि शेतात नाणी शोधत फिरणाऱ्या हौशी माणसाचे यंत्र ही सगळी एकाच कुळातली. प्रस्तुत नोंद शेवटच्या प्रकारापुरती आहे. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे हा छंद चांगलाच रुजला असून तेथले मुरलेले शोधक बहुधा दोन यंत्रे बाळगतात. कोणते यंत्र जास्त खोल जाते, हा त्यांच्यातला न संपणारा वाद. विक्रेतेही खोलीच्याच जोरावर यंत्र खपवतात. प्रत्यक्षात एकाच तंत्रावर चालणाऱ्या दोन चांगल्या यंत्रांच्या खोलीतला फरक बोटा-दोन बोटांचा असतो. जमीन, वस्तूचा आकार आणि वापरणाऱ्याचा हात यांमुळे पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

या यंत्राचा पहिला गाजलेला प्रयोग फसला, तोही थोडाफार खोलीमुळेच. डेव्हिड ह्यूझ यांनी १८७९ मध्ये प्रवर्तन-तुला तयार केली होती. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्याच तत्त्वावर यंत्र उभे केले. आधीच्या चाचण्यांत ते व्यवस्थित चालले होते, रुग्णाच्या खाटेशी मात्र गोंधळले. गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातला असे सांगितले जाते. शिवाय डॉक्टरांनी केवळ उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे, बरीच आत. पुढे १९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी अमेरिकेत हे यंत्र बाजारात आणले. पोलिश अधिकारी युझेफ कोसाट्स्की यांचा सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात वापरला गेला. हौशी लोकांच्या बाजारपेठेत १९६४ पासून गॅरेट आणि १९८५ पासून ॲडिलेडची माइनलॅब या कंपन्यांनी जम बसवला.

खोली कशावर ठरते

यंत्राच्या टोकाशी असलेल्या कॉइलमधून बदलता विद्युत्‌प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते धातूत भोवरा-प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र कॉइलकडे परत येते. जाताना क्षेत्र अंतराच्या साधारण तिसऱ्या घाताने घटते, येतानाही तितकेच. म्हणजे कॉइलच्या आकारमानापेक्षा बरेच दूर गेल्यावर सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने पडतो. अंतर दुप्पट झाले की सिग्नल चौसष्टांश.

कॉइलच्या जवळपास ही घट थोडी सौम्य असते. हल्ली सर्रास मिळणारी २८ सेंमी. व्यासाची कॉइल घेऊन ढोबळ गणित मांडले, तर २० सेंमी.वरचे नाणे ४० सेंमी.वर नेताच त्याचा सिग्नल सुमारे सत्तावीसपट क्षीण होतो. हेच गणित उलट बाजूने केले की जाहिरातींची हवा निघते. एखादे यंत्र २५ सेंमी.वरचे नाणे जेमतेम ऐकत असेल आणि अभियंत्यांनी त्याची संवेदनक्षमता दुप्पट केली, तर तेच नाणे २९ सेंमी.पर्यंत ऐकू येईल. दुप्पट सुधारणेची कमाई चार सेंटिमीटर! त्यामुळे ‘आधीच्या मॉडेलपेक्षा दुप्पट खोल’ असे कोणी छापले, तर तो कागद बाजूला ठेवावा.

वस्तूचा आकार वाढला की मात्र खोली झपाट्याने वाढते. सॉमरसेटमधल्या फ्रोम येथे एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प यांना सापडलेल्या रोमन मडक्यात ५२,५०३ नाणी होती. एवढा ऐवज फूटभर मातीखालूनही बोलला, मात्र त्याचा आवाज इतका चमत्कारिक होता की नाण्याचा वाटेना. ऑस्ट्रेलियातल्या किंगोवर येथे १९८० मध्ये धातुशोधकाने सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गोळा सुमारे २७ किग्रॅ. वजनाचा होता आणि तोही फारसा खोल नव्हता. याउलट आडव्या नाण्यापेक्षा कडेवर उभे असलेले नाणे बरेच कमी खोलीपर्यंतच लागते. पेटीएवढ्या वस्तूंसाठी दोन कॉइली लांब दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली वेगळी यंत्रे मिळतात; ती मीटरभर वा अधिक खाली पाहतात, पण सुटे नाणे त्यांना दिसतच नाही.

जमीन

खोलीचा खरा शत्रू माती. लोहखनिजांनी भरलेली माती स्वतःच कॉइलला उत्तर देते आणि ते उत्तर नाण्याच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठे असते. ग्राउंड बॅलन्स करणे म्हणजे हा मातीचा आवाज वजा करणे. कॉइल जमिनीवर खाली-वर हलवत आवाज सपाट होईपर्यंत समायोजन करायचे. वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही. उरलेल्या गोंगाटात खोलवरचे नाणे बुडते. इंग्लंडच्या खडूमिश्रित, सौम्य शेतात २५ सेंमी.वर नाणे ऐकणारे यंत्र खनिजयुक्त जमिनीत निम्म्यावर येऊ शकते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या कुळातली खनिजे असतात आणि त्याच खडकापासून झालेल्या काळ्या मातीत ती उतरतात. कोकणातला जांभा तर लोहाच्या ऑक्साइडांनीच तांबडा झालेला. परदेशी चित्रफितीत दाखवलेली खोली विदर्भात किंवा रत्नागिरीत मिळेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. समुद्रकिनाऱ्यावरची अडचण वेगळी. ओली खारी वाळू वीजवाहक असते, म्हणून एकाच वारंवारतेवर चालणारी यंत्रे लाटांच्या कडेला सतत किरकिरतात.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, एकाच वेळी अनेक वारंवारता वापरण्याचा. माइनलॅबने १९९० च्या दशकात सॉव्हरिन या यंत्रापासून ही वाट धरली आणि २०१८ च्या इक्विनॉक्सने ती मध्यम किमतीत आणली. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचे डेउस २ आणि तुर्कस्तानच्या नोक्ताचे लेजंड याच पंक्तीतले. दुसरा उपाय पल्स इंडक्शनचा. यात सलग लहरीऐवजी सेकंदाला शेकडो-हजारो स्पंद सोडतात आणि स्पंद थांबल्यावर धातूतला प्रवाह कसा विरतो ते ऐकतात. लाल, खनिजयुक्त मातीत ही यंत्रे खरोखरच खोल जातात. ऑस्ट्रेलियातल्या सोनेशोधकांनी माइनलॅबच्या १९९५ च्या एसडी २००० पासून ती डोक्यावर घेतली. पण लोखंड आणि सोने यांतला भेद त्यांना नीट कळत नाही. घोड्यांच्या नालांचे खिळे शतकानुशतके पडलेल्या इंग्रजी शेतात असे यंत्र नेणारा माणूस संध्याकाळपर्यंत खिळेच खणत बसतो.

वारंवारतेविषयी थोडक्यात : कमी किलोहर्ट्‌झवर चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तू चांगल्या लागतात, जास्त किलोहर्ट्‌झवर सोन्याचे बारीक कण. फिशरच्या गोल्ड बग २ ची वारंवारता ७१ किलोहर्ट्‌झ आहे. जोंधळ्याच्या दाण्याहून लहान कण त्याला लागतो, पण खोलीत ते मागे पडते. मोठी कॉइल खोल पाहते हे खरे, पण ती मातीही जास्त पाहते आणि खिळेही.

तुलना कशी करावी

सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी ती हवेतली चाचणी : यंत्र टेबलावर, नाणे हातात, शेजारी मोजपट्टी. तिने यंत्र बिघडलेले नाही एवढे कळते. मानवतावादी सुरुंगशोधनातल्या धातुशोधकांसाठी २००३ मध्ये ठरवलेल्या सीडब्ल्यूए १४७४७ या युरोपीय कार्यपद्धतीतही हवेतली आणि मातीतली चाचणी वेगवेगळी धरली आहे, ती उगाच नव्हे.

परसात नाणी पुरून केलेली चाचणी त्याहून बरी. मात्र ताज्या खड्ड्यातली माती उसकटलेली असते. पावसाळे जाऊन ती बसेपर्यंत आकडे डळमळीत येतात. नाणे कोणते, यावरही बरेच अवलंबून आहे. आपल्याकडे हाताशी असतो तो रुपया. १९९२ पासूनचा रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे. यंत्र त्याला लोखंडाच्या घरात ढकलते आणि पाहणारा यंत्रालाच नावे ठेवतो. घरात व्हिक्टोरियाच्या काळातला चांदीचा रुपया असेल, ११.६६ ग्रॅ. वजनाचा, तर चाचणीला त्याच्याइतके सालस नाणे नाही.

खरी तुलना न खणलेल्या सिग्नलवर होते. एका यंत्राला जमिनीत काहीतरी पुसट लागले की खणायचे नाही. जागेवर खूण करायची, ते यंत्र बंद करायचे आणि दुसरे फिरवायचे. बंद करणे महत्त्वाचे, कारण जवळपासच्या वारंवारतेची दोन यंत्रे शेजारी चालू राहिली की एकमेकांना छळतात. दोन्ही कॉइली शक्यतो एकाच मापाच्या असाव्यात, दोन्ही यंत्रांचा ग्राउंड बॅलन्स त्याच जागी केलेला असावा, फिरवणारा हात एकच असावा. नुसते वाजले का, एवढे पाहून भागत नाही. दोन्ही दिशांनी फिरवल्यावर आवाज परत-परत येतो का, काटकोनात वळून फिरवल्यावर टिकतो का आणि पडद्यावरचा धातूचा आकडा किती नाचतो, हेही टिपावे लागते. खोल गेलेल्या तांब्याचा आकडा बहुतेक यंत्रांत लोखंडाकडे घसरतो. लोखंड वगळण्याचे सेटिंग चढवून ठेवलेला माणूस इथेच हरतो. नाणे यंत्राच्या टप्प्यात असते, त्याच्या कानांपर्यंत ते पोचत नाही. विजेच्या तारांखाली किंवा चालू कृषिपंपाशेजारी केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

लोखंडाच्या गर्दीत तर खोलीपेक्षा सावरण्याचा वेग मोलाचा ठरतो. खिळ्याच्या आवाजातून बाहेर येऊन शेजारचे नाणे वेगळे सांगायला यंत्राला किती वेळ लागतो, यावर जुन्या वस्तीच्या जागी सगळा खेळ असतो. २००९ च्या अखेरीस बाजारात आलेल्या पहिल्या डेउसने नाव कमावले ते याच गुणावर.

आणि मुळात किती खोली हवी? इंग्लंड-वेल्समधली जबाबदार धातुशोधनाची संहिता नांगरटीच्या थरापुरतेच खणायला सांगते, कारण त्याखालची माती पुरातत्त्वज्ञांची. नांगर साधारण वीतभर ते फूटभर जातो. स्टॅफर्डशरचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा २००९ मध्ये सापडला तो नांगराने उधळलेल्या याच थरात. अर्धा मीटर खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने तेवढे खणण्याची परवानगी आहे का, हे आधी पाहिलेले बरे.

राखीव यंत्र

दुसरे यंत्र घेण्यामागचे कारण साधे : दूरच्या शेतावर परवानगी काढून पोचावे आणि केबल तुटावी किंवा बॅटरी बसावी. राखीव यंत्र मुख्य यंत्राइतकेच खोल जायला हवे हा हट्ट महागात पडतो. वरचे गणित पाहता त्यातून पदरात पडणारे सेंटिमीटर फार थोडे.

एक मत असे की राखीव यंत्र मुख्य यंत्राचेच धाकटे भावंड असावे. आवाजांची भाषा तीच राहते, कॉइली आणि चार्जर सामाईक होतात. यात एक खाच आहे. एका कंपनीची म्हणून दोन यंत्रांच्या कॉइली एकमेकांना चालतातच असे नाही. इक्विनॉक्सची कॉइल माइनलॅबच्याच व्हँक्विशला लागत नाही. दुसरे मत वेगळ्या स्वभावाचे यंत्र घेण्याचे, उदा., मुख्य यंत्र अनेक वारंवारतांचे असेल तर किनाऱ्यासाठी जोडीला पल्स इंडक्शनचे. माझ्या मते ते दुसरे यंत्र झाले, राखीव नव्हे. मुख्य यंत्र बंद पडल्यावर तेच काम पुढे नेईल त्याला राखीव म्हणावे.

त्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट बॅटरी. इक्विनॉक्समध्ये बॅटरी आतच असते. ती उतरली आणि जवळ पॉवर बँक नसली की दिवस संपला. गॅरेटचे एटी प्रो, फिशरचे एफ ७५ आणि व्हँक्विश साध्या डबल-ए सेलवर चालतात आणि ते सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात. एटी प्रो पूर्ण पाण्यात चालते, व्हँक्विशची फक्त कॉइल पाण्यात बुडवता येते. मग वजन आणि बटणांची संख्या. सहा महिने पेटीत पडलेले यंत्र काढल्यावर मेन्यूच्या सात पायऱ्या आठवत नाहीत, म्हणून चालू करून लगेच फिरवता येईल असे यंत्र इथे खरे. नवे यंत्र घेतल्यावर जुने विकून न टाकता तेच राखीव ठेवावे, हा अनुभवी लोकांचा सल्ला म्हणूनच पटतो. हाताला त्याचा आवाज आधीच माहीत असतो.

वापरलेले यंत्र घेताना कॉइल हवेत स्थिर धरून बोटाने टिचकी मारावी, मग केबल कनेक्टरपाशी हलकेच वाकवावी. दोन्ही वेळा यंत्र गप्प राहिले पाहिजे. कॉइल दांड्याला जोडणारे प्लॅस्टिकचे कान तडकलेले नाहीत ना, सेलच्या घरात हिरवट पूड साचलेली नाही ना, हे पाहावे. सुटे भाग मिळण्याचा विचारही करावा. आजीवन हमीसाठी प्रसिद्ध असलेली ॲरिझोनातली टेसोरो २०१८ मध्ये बंद झाली, ओरेगनची व्हाइट्स २०२० मध्ये. कंपनी गेली की हमीही जाते. माइनलॅबच्या महागड्या सोनेशोधकांच्या हुबेहूब नकलाही बाजारात फिरत असतात.

‘शेकडो मीटरवरचे सोने दाखवणाऱ्या’ काड्या आणि अँटेना धातुशोधकांत मोडत नाहीत. एडीई ६५१ नावाचे असेच बिनकामाचे उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणारा जेम्स मॅकॉर्मिक २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांच्या शिक्षेस पात्र ठरला.

भारतातील स्थिती

भारतात हा छंद फारसा नाही आणि त्याला कायद्याचेही कारण आहे. महाराष्ट्रातले अनेक किल्ले व पुरातन स्थळे संरक्षित असून तेथे विनापरवाना खणणे गुन्हा ठरतो. गुप्तधनाच्या शोधात अघोरी प्रकार करण्यावर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आणली. खासगी शेतात सापडलेल्या वस्तूला १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू पडतो. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास त्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. व्हिक्टोरियाच्या त्या काळात दहा रुपये ही मोठी रक्कम होती; कायद्यातला आकडा तेव्हापासून दहाच आहे.