नाकेदार आणि नवी वनपद्धती

भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पैलतीरी वसलेले कारधा हे गाव नागपूर-रायपूर मार्गावर आहे. या परिसराच्या पूर्वेकडील वनांचा इतिहास १८६५, १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांच्या क्रमाने सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ते कायदे राबविणारी माणसे केव्हा मिळाली, हे पाहिल्यास चित्र पालटते. डेहराडूनची वनशाळा निघाली १८७८ साली, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तेरा वर्षांनी. आणि तेथे घडले ते मुख्यतः रेंजर. प्रत्यक्ष रानात राहणारा खालचा नोकर मात्र विदर्भाच्या बोलीत ‘नाकेदार’च राहिला. नाक्यावर माल अडविणारा, पास पाहणारा, असाच या शब्दाचा ध्वनी आहे; वृक्षसंगोपनाचा त्यात मागमूस नाही.

नव्या पद्धतींपैकी कोणती रुजली, हेही येथेच उलगडते. वार्षिक तोडीचा ‘कूप’ (हा शब्द मूळ फ्रेंच, संस्कृत विहिरीशी त्याचा संबंध नाही) वर्षातून एकदा आखला, झाडांवर खुणा केल्या की काम पुष्कळसे आटोपते. वणव्यापासून संरक्षणाचे तसे नाही. कर्नल पिअर्सन यांनी मध्यप्रांतातील बोरीच्या जंगलात १८६० नंतरच्या दशकात त्याचा प्रयोग केला. पण जाळरेषा काढल्यावरही उन्हाळाभर गस्त लागतेच. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत असलेल्या मुलखात तर ती रोजच लागते. चराईबंदीचेही तेच. तेव्हा या पद्धतींच्या अपयशाचे खापर केवळ लोकांच्या अडाणीपणावर फोडणे अन्यायाचे होय.

१९५० च्या मालकीहक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांची वने सरकारजमा झाली. तलावही आले, ‘माजी मालगुजारी’चे संक्षिप्त रूप होऊन ते ‘मामा तलाव’ ठरले. वनांना असे लाडके नाव मिळाले नाही. सीमा आखणे, निस्तारहक्क नोंदणे ही कामे पुढ्यात असतानाच जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. शास्त्रीय कार्य-आयोजनाला हात घालण्यापूर्वी निस्तरावयाचे हे सारे होते.

१९९२ साली महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापन स्वीकारले. गस्तीचा भार गावाच्या समितीने वाटून घ्यावा, ही त्यातील एक अपेक्षा. मात्र समितीच्या सभा भरविणे, ग्रामस्थांची समजूत घालणे, कागद ठेवणे ही नवी कामे बव्हंशी बीटावरच्या त्याच वनरक्षकाकडे आली.