चाळीस रुपयांचं पाणी

"वीस मार्चला बाजारात जाऊ नकोस, गर्दी असते."

आमचं घर पोलादपूरला आणि आजोळ महाडला, चवदार तळ्यापासून दोन आळ्या सोडून. परीक्षेच्या दिवसांत मी आजोळी राहायचे, आणि आजीची ही सूचना दर वर्षी ठरलेली. गर्दी कसली ते कोणी सांगत नसे. गॅलरीत पुस्तक घेऊन बसलं की तळ्याच्या बाजूने ढोलकी आणि पेटी ऐकू यायची. शब्द कळायचे नाहीत, चाली मात्र पाठ झाल्या.

मी पहिल्यांदा तिकडे गेले ती थेट बीएच्या तिसऱ्या वर्षाला, इतिहास विषय घेतल्यावर. चवदार तळं गावाबाहेर माळावर नाही, ऐन वस्तीत आहे. भोवताली घरं, खिडक्या, वाळत घातलेले कपडे. एरवी लोक इथे संध्याकाळी फिरायला येतात. १९ आणि २० मार्चला याच रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. निळे झेंडे, पाच रंगांचा धम्मध्वज, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगा, पुस्तकांचे ढीग, बुद्ध-फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी, आणि जागा मिळेल तिथे गायन पार्ट्या. दोन मंडपांतली गाणी एका कोपऱ्यावर एकमेकांत मिसळतात. तिथे उभं राहिलं तर काहीच समजत नाही, दहा पावलं पुढे सरकावं लागतं.

मी सरकले आणि एका शाहिरासमोर येऊन थांबले. ढोलकी, पेटी, झांज आणि मागे तीन झीलकरी. तो १९२७ची गोष्ट सांगत होता. शाळेच्या पुस्तकात या सत्याग्रहाला दोन ओळी होत्या. इथे मांडव होता, मांडवातली तहान होती. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना गावात पाणी भरता येत नव्हतं, म्हणून सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, हे मला त्या गाण्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतीच्या तयारीत असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आणि नंतर तळं 'शुद्ध' करायला १०८ घागरी.

इथवर मी भारावून ऐकत होते. पुढच्याच कडव्यात त्याच संध्याकाळी मनुस्मृती जळाली! माझ्यातली परीक्षार्थी जागी झाली. हे चूक आहे.

चूक म्हणजे सरळ नऊ महिन्यांची. तारखा अशा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद झाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. १९ आणि २० मार्च १९२७ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. (रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१चं, तोवर आपण कुलाबेकर.) ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा मांडवाला जागा कोणी देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली ती तिथे. तळ्यावर मात्र या वेळी कोणी उतरलं नाही, कारण कोर्टाचा मनाईहुकूम आला होता. पुढे दहा वर्षं खटला. आमच्या गावच्या लोकांचं म्हणणं असं की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही अनादि काळापासूनची रूढी आहे. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने ते अपील फेटाळलं: अशी रूढी सिद्ध होत नाही. निकाल देणाऱ्यांपैकी एक न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती तेच.

गाण्यात यातलं काही नव्हतं. ना माघार घेतलेला ठराव, ना मनाईहुकूम, ना दहा वर्षं.

कार्यक्रम संपल्यावर शाहीर मंडपामागे चहा पीत बसले होते. मी धीर करून म्हटलं, "काका, मनुस्मृती डिसेंबरात जाळली ना?"

"माहितीये की," ते म्हणाले. "पण तू ते नऊ महिने गाऊन दाखव पोरी. लोक उभे राहतील?"

मला हसू आलं, रागही आला. नंतर जलशांबद्दल वाचत गेले तेव्हा त्यांचं बोलणं नीट समजलं. हे गाणं तमाशाच्या घरातलं. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, वग. ती कला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवली त्यांत महार-मांग कलावंत मोठ्या संख्येने होते. सत्यशोधकांनी तो साचा प्रचारासाठी उचलला. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी त्याचा आंबेडकरी जलसा केला. गणातला गणपती गेला, बाबासाहेबांचं वंदन आलं. बाईच्या नाचाला फाटा मिळाला. ढोलकी राहिली, चाल राहिली, हजरजबाबी सवाल-जवाब राहिले. पुढे वामनदादा कर्डकांनी (हे वेगळे कर्डक, १९२२ ते २००४) हजारो गाणी लिहून ती परंपरा घराघरात नेली. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना तेव्हा वाचता येत नव्हतं. 'बहिष्कृत भारत' त्यांना कोणीतरी वाचून दाखवावं लागे, गाणं मात्र स्वतःच्या पायाने चालत गावी यायचं. पाठ व्हायचं तर ते एका रात्रीत मावायला हवं. म्हणून मार्च आणि डिसेंबर एकत्र आले असावेत. तारीख सांडली, पण चाळीस रुपये सांडले नाहीत, घागरींचा आकडा सांडला नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात तारीख अचूक होती, आणि हे दोन्ही आकडे गायब.

तरी माझी तक्रार पूर्ण मिटलेली नाही. त्या दहा वर्षांचं गाणं कोणीतरी करायला हवं, असं मला अजून वाटतं. कोर्टाची वाट पाहणं हीसुद्धा लढाईच होती.

चहाचा ग्लास खाली ठेवत शाहिरांनी विचारलं, "कुठची तू?"

"पोलादपूरची. आजोळ इथलंच." मी आळीचं नाव सांगितलं.

ते क्षणभर थांबले. "म्हणजे तळ्याला लागूनच की," एवढंच म्हणाले, आणि पोराला हाक मारून माझ्यासाठी एक चहा सांगितला.

संध्याकाळी घरी आले तर आजी गॅलरीतच होती. ढोलकी अजून चालू होती. कुठे गेले होतेस, हे तिने विचारलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "इतकी वर्षं ऐकतेय. काय म्हणतात गं त्या गाण्यात?"

मी सांगितलं. मांडव, तहान, ओंजळ, लाठ्या. घागरींशी आले तेव्हा ती रस्त्याकडे बघत होती. वाटलं, विषय बदलेल.

"चाळीस रुपये?" ती म्हणाली. "त्या वेळचे?"

"हो."

"कोणी घेतले असतील गं?"