कोळ्यांची साक्ष : ऑक्टोपसच्या आयुष्याचा २३०० वर्षांचा शोध

साल १८२९. स्थळ पॅरिस. युरोपातील प्राणिशास्त्राचे सर्वोच्च नाव म्हणजे जॉर्ज क्युव्हिए. त्यांच्यासमोर एक विचित्र 'कृमी' येतो. लांबट देह, त्यावर ओळीने मांडलेले चूषक. फ्रान्सच्या दक्षिणेस, नीस येथील समुद्रात एका ऑक्टोपसच्या अंगावर तो सापडलेला. क्युव्हिए त्याला परोपजीवी कृमी ठरवतात आणि ग्रीक शब्द जोडून नाव देतात 'हेक्टोकोटाइल', म्हणजे शंभर वाट्या असलेला.

क्युव्हिए चुकले होते. तो कृमी नव्हता. तो स्वतंत्र प्राणीसुद्धा नव्हता. तो ऑक्टोपसच्या नराचा तुटून राहिलेला बाहू होता, मादीपर्यंत बीज पोहोचवणारा. आणि खरी मौज पुढेच आहे : नराचा एक बाहू या कामासाठी वेगळा असतो, हे ग्रीसच्या किनाऱ्यावरील मासेमारांनी दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. हा धागा त्या साक्षीचा, ती नाकारली कशी गेली त्याचा, आणि तिच्या मागोमाग उलगडलेल्या एका विलक्षण मरणाचा.

आरंभ लेस्बॉस बेटावरून करावा लागतो. इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या मध्यास अ‍ॅरिस्टॉटल काही काळ तेथे राहिला. बेटाच्या पोटात शिरलेली पिऱ्हाची खाडी त्याच्या प्राणिविषयक लेखनात पुन:पुन्हा येते. तेथील उथळ, शांत पाण्यात काय मिळते, काय मिळत नाही, कोणता जीव केव्हा अंडी घालतो, या सगळ्या नोंदी एकट्या माणसाच्या डोळ्यांनी झालेल्या नाहीत. त्यांमागे रोज जाळे टाकणारी माणसे आहेत. अ‍ॅरिस्टॉटल ते लपवत नाही. 'मासेमार असे म्हणतात' हे त्याच्या ग्रंथांत वारंवार भेटते.

ऑक्टोपसच्या आयुष्याबद्दल त्याने लिहिले ते आजही वाचणाऱ्याला थबकवते. हा प्राणी अल्पायुषी असतो, बहुधा वर्षभराच्या पलीकडे जगत नाही. मादी अंडी घातल्यावर त्यांच्यावर बसून राहते, भक्ष्य शोधायला बाहेर पडत नाही आणि खंगत जाते. पुढे ती इतकी मंद होते की पाण्यात बुडी मारणारा माणूस तिला नुसत्या हाताने धरू शकेल. कोकणच्या मासळीबाजारात माकूल म्हणून ओळखला जाणारा स्क्विड घ्या, वा त्याचा आप्त कटलफिश घ्या, त्यांचेही आयुष्य असेच तोकडे असते, असे तो सांगतो. ना काचेचे टाके, ना सूक्ष्मदर्शक, ना पाणबुड्याचा पोशाख. तरीही भूमध्य समुद्रातील सामान्य ऑक्टोपस एक ते दोन वर्षेच जगतो, या आजच्या माहितीपासून हे वर्णन फारसे दूर नाही.

मग बाहूचे काय? नराचा एक बाहू इतरांहून वेगळा असतो आणि समागमात तो मादीच्या नरसाळ्यासारख्या नळीतून आत घातला जातो, हे मासेमारांचे म्हणणे अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवले. पण 'प्राण्यांच्या उत्पत्तीविषयी' या ग्रंथात त्याने त्यावर निकाल दिला तो नकाराचा. बाहूचा उपयोग केवळ पकड घेण्यासाठी. प्रजननाशी त्याचा संबंध नाही, कारण तो नराच्या बीजमार्गाच्या बाहेर, किंबहुना शरीराच्याच बाहेर आहे.

हा तर्क हास्यास्पद नाही, हे मान्य करायला हवे. बाहूतून बीजनलिका जात नाही, हे खरेच आहे. फक्त निसर्गाने केलेली सोय तर्काला सुचली नाही. नराच्या शरीरात शुक्राणूंच्या लांबट पुड्या तयार होतात. त्या बाहेर आल्या की खास बाहूवरील खाचेतून टोकाकडे सरकतात आणि बाहू त्या मादीच्या प्रावारात, म्हणजे तिच्या धडाभोवतीच्या मांसल पिशवीत, नेऊन ठेवतो. सामान्य ऑक्टोपसमध्ये हे काम उजवीकडील तिसरा बाहू करतो. थोडक्यात, बाहू हा बीजाचा मार्ग नव्हे, टपालवाला आहे. मासेमारांनी पाहिलेले खरे होते. तत्त्वज्ञाने शरीररचनेवरून काढलेला निष्कर्ष चुकला.

अ‍ॅरिस्टॉटलने एक प्रश्न मात्र प्रामाणिकपणे उघडा ठेवला. आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचाच एक आप्त कागदासारख्या पातळ, पांढऱ्या शिंपल्यात बसून समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगतो. त्याच्या दोन बाहूंना पातळ पडदे असतात. ते शिडासारखे उभारून तो वाऱ्यावर प्रवास करतो, अशी प्राचीनांची समजूत होती आणि अ‍ॅरिस्टॉटलनेही ती लिहून ठेवली. पण शिंपला त्याच्या अंगाला चिकटलेला नसतो. मग तो येतो कोठून, वाढतो कसा? याविषयी निश्चित काही ठरलेले नाही, असे सांगून तो थांबला. पुढे एकोणिसाव्या शतकातही वाद तसाच होता. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लेंव्हिल यांच्या मते आर्गोनॉट हा दुसऱ्याच्या रिकाम्या घरात घुसलेला भाडेकरू होता.

वाद मिटवला तो एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने. झान व्हिलप्रे यांचा जन्म १७९४ चा, फ्रान्समधील झुयाक या गावचा. वडील चांभारकाम करीत. तरुणपणी त्या पॅरिसला आल्या, कपडे शिवणाऱ्या दुकानात लागल्या आणि १८१६ मध्ये सिसिलीच्या राजकन्येच्या विवाहपोशाखावरील कामाने त्यांचे नाव झाले. जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी लग्न करून त्या सिसिलीतील मेसिना येथे गेल्या. विद्यापीठाचे शिक्षण नव्हते. समोर समुद्र होता, आणि त्यात आर्गोनॉट विपुल होते.

इतरांनी मेलेले, मद्यार्कात बुडवलेले नमुने तपासले. झान यांनी जिवंत आर्गोनॉट पाळायचे ठरवले. १८३२ पासून त्यांनी काचेचे टाके आणि समुद्रात नांगरून ठेवता येतील असे पिंजरे बनवून घेतले. आज घराघरांत दिसणाऱ्या मत्स्यालयाच्या पूर्वजांत या टाक्यांची गणना होते. त्यांत त्यांनी आर्गोनॉटची अंडी फुटताना पाहिली. पिल्ले शिंपल्याविना जन्मतात आणि पुढे स्वत:च तो घडवतात. शिंपल्याचा तुकडा मुद्दाम तोडला, तर प्राणी तो भरून काढतो. हे बांधकाम होते कशाने? ज्या पडद्यांना प्राचीन काळापासून शीड समजले जात होते, त्यांनीच. ते वाऱ्यासाठी नव्हते. शिंपल्यावर पसरून त्याचे द्रव्य स्रवण्यासाठी होते. १८३९ पर्यंत हे निष्कर्ष लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत रिचर्ड ओवेन यांच्यामार्फत मांडले गेले आणि 'भाडेकरू'चा सिद्धांत कोसळला. झान यांच्या संग्रहाचा व चित्रांचा मोठा भाग मात्र जहाज बुडून समुद्रात गेला. एवढे काम केलेल्या व्यक्तीचे नाव नंतर शंभर वर्षांहून अधिक काळ क्वचितच कोणी घेतले, याचे कारण केवळ ते जहाज नसावे.

एक कोडे मात्र शिल्लक राहिले. शिंपल्यात सापडणारे आर्गोनॉट सगळे माद्याच. नर कोठे होते?

उत्तर क्युव्हिए यांच्या 'कृमी'पाशी दडलेले होते. आर्गोनॉटच्या माद्यांच्या प्रावारातही तसेच वळवळणारे जीव सापडत. स्विस शास्त्रज्ञ अल्बर्ट कोलिकर यांनी धाडसी तर्क केला : हा कृमी नव्हे, हाच आर्गोनॉटचा संपूर्ण नर! अर्धे बरोबर, अर्धे चूक. १८५३ मध्ये हाइनरिश म्युलर यांनी खऱ्या नराचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मादीच्या तुलनेत अगदीच चिमुकला, जेमतेम दोन सेंटिमीटरच्या आसपासचा, शिंपला नसलेला. त्याच्या एका बाहूच्या जागी फुगीर पिशवी होती आणि तिच्यात गुंडाळलेला होता तोच 'शंभर वाट्यांचा कृमी'. समागमात हा बाहू तुटतो आणि मादीच्या शरीरात काही काळ जिवंत राहतो.

१८५६ मध्ये डेन्मार्कचे यापेटस स्टेनस्ट्रुप यांनी दाखवून दिले की ही केवळ आर्गोनॉटची तऱ्हा नाही. ऑक्टोपस आणि स्क्विड यांच्या कितीतरी जातींत नराचा एक बाहू असाच बदललेला असतो. बहुतेकांत तो तुटत नाही, एवढेच. (याच स्टेनस्ट्रुप यांनी पुढच्याच वर्षी नॉर्डिक दंतकथांतील राक्षसी क्राकेनमागे दडलेल्या महाकाय स्क्विडला 'आर्किट्युथिस' हे शास्त्रीय नाव दिले.) मासेमारांची साक्ष अखेर मान्य झाली. गंमत अशी की बाहूचे नाव आजही 'हेक्टोकोटिलस' असेच आहे. क्युव्हिए यांची चूक पाठ्यपुस्तकात कायमची राहायला आली.

आता उरतो अ‍ॅरिस्टॉटलच्या नोंदीचा दुसरा भाग, खंगणारी मादी. सामान्य ऑक्टोपसची मादी एक लाखाहून अधिक अंडी घालते. कपारीच्या छताला त्यांच्या माळा टांगते, चूषकांनी त्या साफ करते, नळीतून पाण्याचा झोत सोडून त्यांना खेळती हवा पुरवते. या आठवड्यांत ती जवळजवळ काही खात नाही. पिल्ले बाहेर पडली की मरते. असे का होते? अन्न आणायला जाता येत नाही म्हणून, हे उत्तर पटण्याजोगे वाटते. पण टाक्यात तिच्यासमोर खेकडा ठेवला तरी ती बहुधा त्याला हात लावत नाही.

या प्रश्नाची वाट नेपल्समधून जाते. अंतोन डोर्न यांनी १८७२ मध्ये तेथे समुद्रकाठी संशोधन केंद्र स्थापन केले आणि ऑक्टोपसवरील प्रयोगांची ती पंढरीच झाली. १९५६ मध्ये ब्रायन बॉयकॉट व जे. झेड. यंग यांनी डोळ्यांच्या मागील दृक्‌ग्रंथींकडे लक्ष वेधले. १९५९ मध्ये मार्टिन आणि जॉइस वेल्स या दांपत्याने दाखवले की याच ग्रंथी लैंगिक परिपक्वतेचे नियंत्रण करतात. मार्टिन वेल्स हे कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे नातू. आजोबांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर माणसे खाणाऱ्या बाहुधारी प्राण्यांची भयकथा लिहिली. नातवाने आयुष्य त्याच प्राण्यांच्या सहवासात घालवले.

१९७७ मध्ये अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाचे जेरोम वोडिन्स्की यांनी निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. 'ऑक्टोपस हमेलिंकी' या जातीच्या माद्यांनी अंडी घातल्यानंतर त्यांच्या दोन्ही दृक्‌ग्रंथी त्यांनी शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. माद्यांनी अंडी सोडून दिली. त्या पुन्हा खाऊ लागल्या, वाढू लागल्या आणि इतर माद्यांच्या तुलनेत कितीतरी अधिक जगल्या. उपासमार ही परिस्थितीची सक्ती नव्हती. तो शरीराने आतूनच दिलेला आदेश होता. वात्सल्य आणि मृत्यू एकाच ग्रंथीतून येतात, हे वाचून अनेकांना आजही अस्वस्थ व्हायला होते. पण जी मादी अंडी सोडून जगली, तिच्या पिल्लांचे काय, हा विचार केला म्हणजे निसर्गाचा हिशेब निदान समजतो.

स्क्विडच्या अल्पायुष्याची साक्ष वेगळ्याच ठिकाणी मिळाली. त्याच्या डोक्यात तोल सांभाळणारे बारीक खडे असतात आणि झाडाच्या खोडात वर्षागणिक वलये पडावीत तशी त्यांत दिवसागणिक पडतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधक ती मोजू लागले. कित्येक जातींचे आयुष्य सुमारे एका वर्षाचे निघाले. पिऱ्हाच्या खाडीवरून येणारी जुनी नोंद येथेही टिकली.

अपवाद मात्र थंड, खोल पाण्यात सापडतात. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे खाडीत, सुमारे १४०० मीटर खोलीवर, 'ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका' या जातीची एक मादी मे २००७ मध्ये खडकावर अंड्यांना बिलगलेली दिसली. अंगावरील व्रणांमुळे ती ओळखता येत होती. ब्रूस रॉबिसन आणि त्यांचे सहकारी यांत्रिक पाणबुडी घेऊन तिच्याकडे पुन:पुन्हा गेले. एकूण १८ भेटी झाल्या. प्रत्येक वेळी ती तेथेच होती, आधीपेक्षा फिकट, आधीपेक्षा सुकलेली. जवळून खेकडे आणि कोळंबी फिरत असत; तिने काही खाल्लेले एकदाही दिसले नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. पुढच्या महिन्यात पाणबुडी पुन्हा गेली तेव्हा खडकावर फुटलेल्या अंड्यांची रिकामी टरफले लटकत होती. एकंदर ५३ महिने.