सिल्व्हर, लिऑन टी.

(९ एप्रिल १९२५–३१ जानेवारी २०२२). अमेरिकन भूवैज्ञानिक. झिरकॉन खनिजातील युरेनियम व शिसे यांच्या प्रमाणावरून खडकांचे वय ठरविणारे संशोधक म्हणून भूविज्ञानात, आणि अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांचे क्षेत्रकार्यातील गुरू म्हणून शास्त्राच्या कक्षेबाहेरही, त्यांची ख्याती झाली. कोलोराडो विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर ते भूविज्ञानाकडे वळले व १९५५ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पीएच.डी. मिळवून तेथेच प्राध्यापक झाले.

वर्गातील व्याख्यानांनी कंटाळलेल्या वैमानिकांना खडकांची गोडी लागावी, या हेतूने त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी व स्वतः अंतराळवीर असलेले हॅरिसन श्मिट यांनी त्यांना गळ घातली. आणि सप्टेंबर १९६९ मध्ये अपोलो-१३ च्या मुख्य व राखीव पथकांतील जिम लव्हेल, फ्रेड हेझ, जॉन यंग व चार्ली ड्यूक यांना घेऊन सिल्व्हर कॅलिफोर्नियातील ओरोकोपिया पर्वताच्या उजाड मुलखात गेले. खडकांची नावे पाठ करवून घेण्यापेक्षा, समोरचा प्रदेश आधी स्वस्थपणे न्याहाळावा, त्यातील थरांचा व खडकांचा परस्परसंबंध शब्दांत सांगावा आणि त्या प्रदेशाचे प्रातिनिधिक ठरतील असेच नमुने उचलावे, ही त्यांची तालीम होती. पुढे पुढे तर अंतराळवीर बिनतारी यंत्रावरून वर्णन करीत, आणि दृष्टीआड बसलेले भूवैज्ञानिक केवळ त्या शब्दांवरून स्थळाचे चित्र उभे करीत. कारण चंद्रावर हीच स्थिती येणार होती.

या शिक्षणाची कसोटी १९७१ च्या अपोलो-१५ मोहिमेत लागली. वाटेत थांबण्यास सवड नसता, सिल्व्हर यांच्याच तालमीत तयार झालेले मोहीमप्रमुख डेव्हिड स्कॉट यांनी आसनपट्टा नीट करण्याची सबब सांगून चांद्रगाडी थांबविली व छिद्रमय बेसाल्टचा धोंडा उचलला. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, त्यांना व त्यांचे सहकारी जेम्स अर्विन यांना स्पर विवराच्या काठी, धुळीच्या चौथऱ्यावर ठेवल्यासारखा, स्फटिकांनी चकाकणारा पांढरा खडक दिसला. हा चंद्राच्या आद्य कवचाचा ॲनॉर्थोसाइट असावा, हे त्यांनी जागीच ओळखले. पुढे 'जेनेसिस रॉक' म्हणून प्रसिद्धी पावलेल्या या २६९ ग्रॅम वजनाच्या नमुन्याचे वय सुमारे ४ अब्ज वर्षे भरले.

अपोलो-१३ चे अवतरण स्फोटामुळे हुकले, तरी यंग व ड्यूक १९७२ मध्ये अपोलो-१६ मधून चंद्रावर उतरले. सिल्व्हर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्यांच्या शिष्यांनी आणलेला तो पांढरा खडक १५४१५ या क्रमांकाने ह्यूस्टन येथील दप्तरी नोंदलेला आहे.