कुर्डुवाडी : छोट्या गाडीने मोठं केलेलं गाव

माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. मुंबई-सोलापूर मेन लाईन बार्शीला न जाता इथून गेली. त्यामुळे बार्शीच्या बाजारपेठेतला कापूस बैलगाडीने इथवर आणावा लागायचा.

यावर उपाय म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे काढली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ही लाईन १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत पोहोचली. आषाढी-कार्तिकीला लांबून येणारे वारकरी इथंच मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचे.

१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारच्या ताब्यात आली. आता सगळा मार्ग ब्रॉडगेज झालाय. छोटी गाडी गेली, पण तिचं वर्कशॉप कुर्डुवाडीत उरलं. माथेरानच्या मिनी ट्रेनच्या डब्यांचं कामही इथल्या कामगारांनी केलं आहे. मात्र देशात नॅरोगेज मार्ग कमी होत चाललेत. त्यामुळे वर्कशॉपला नवं काम मिळणं, हा गावाच्या रोजगाराचाच प्रश्न आहे.